पावसाचे वाङ्मय आणि शेताचा जमाखर्च

मराठी वाङ्मयात पाऊस प्रायः दोन रूपांनी आढळतो. एक, येणारा पाऊस; दुसरा, न येणारा पाऊस. पहिल्याचे वर्णन आमच्या कवींनी इतके भरभरून केले आहे की, शाळेत शिकलेला बालकवींचा श्रावण ज्याच्या मनात अजून हिरवागार नाही असा मराठी गृहस्थ विरळाच. दुसऱ्याचे दुःख कथाकारांनी व कादंबरीकारांनी सांगितले. परंतु ह्या दोहोंखेरीज एक तिसरा पाऊस गेली काही वर्षे आपल्या शेतांवर पडत आहे. तो येतो, आणि पुष्कळही येतो. पण जेव्हा नको तेव्हा येतो, चार महिन्यांचे पाणी चार दिवसांत ओतून मोकळा होतो, आणि पेरणीच्या तोंडावर दडी मारून काढणीच्या दिवशी दारात उभा राहतो. ह्या तिसऱ्या पावसाचे वाङ्मय आमच्या भाषेत अद्याप फारसे निर्माण झालेले नाही. ते का झाले नाही, आणि न झाल्याने कोणते नुकसान होत आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम न येणाऱ्या पावसाच्या वाङ्मयाकडे पाहू. आमच्या परंपरेत दुष्काळ हा फार जुना विषय आहे. दामाजीपंतांच्या कथेच्या मुळाशी दुष्काळ आहे. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात तुकोबांचा संसार व व्यापार दोन्ही बुडाले, आणि त्या बुडण्यातून महाराष्ट्रास काय लाभले हे सांगण्याची आवश्यकता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हरि नारायण आपटे यांनी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही गोष्ट लिहून दुष्काळाने देशोधडीस लागणारे गरीब कुटुंब पांढरपेशा वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे केले. पुढे १९५५ च्या ‘बनगरवाडी’त व्यंकटेश माडगूळकरांनी पाऊस न पडल्याने एक आख्खे गाव कसे उठून जाते हे अत्यंत संयमाने दाखविले. अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’त (१९५९) उपासमार माणसाला धान्य लुटण्याप्रत कशी नेते ते आहे.

ह्या सर्व कृतींत एक गोष्ट समान आहे. त्यांतला दुष्काळ ही एक घटना असते. तिला आरंभ असतो व शेवट असतो. ती येते, माणसांची परीक्षा पाहते, आणि जाते. तिचे मुख्य लक्षण म्हणजे धान्याचा अभाव. तिचे फळ म्हणजे भूक व स्थलांतर. कथाकाराच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे, कारण ज्यास आदि, मध्य व अंत आहे त्याची गोष्ट होते. आजच्या शेतीवरील संकटास असा अंत नाही, आणि त्यात भुकेपेक्षा हिशेबाचा भाग अधिक आहे. त्यामुळे जुना साचा येथे अपुरा पडतो.

हे नुसते अनुमान वाटू नये म्हणून एक विशिष्ट मुलूख घेऊ. मराठवाड्याच्या ईशान्येस, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ हे तालुक्याचे गाव आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून त्याची ख्याती. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची आख्यायिका इथलीच, आणि त्यांस विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले तेही इथेच असे परंपरा मानते. हा सारा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, पुढे परभणी जिल्ह्यात राहिला, आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण ह्याच तालुक्यात आहे. तरीही बहुतेक रान कोरडवाहू आहे, आणि ते मुख्यतः सोयाबीन, तूर, कापूस व हळद ह्यांवर जगते. शेजारच्या वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. योगायोग असा की, औंढ्याजवळच्या दुधाळा गावच्या माळावर कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. विश्वाच्या टोकाची थरथर जेथे ऐकावयाची, त्याच माळाच्या पायथ्याशी पुढल्या आठवड्यात पाऊस पडेल किंवा नाही ह्याच्या भरवशावर कुटुंबे वर्षाची कमाई मातीत टाकीत असतात. ह्यात विज्ञानाचा उपहास करण्याचा हेतू मुळीच नाही. ज्ञानाची एक शाखा किती पुढे गेली आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचणारे ज्ञान किती मागे राहिले, एवढेच अंतर येथे मोजावयाचे आहे.

गेल्या दशकाचा ताळा पाहा. २०१४ व २०१५ ह्या लागोपाठच्या दोन पावसाळ्यांत मराठवाड्यात सरासरीहून सुमारे चाळीस टक्के पाऊस कमी झाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे वाचकांस स्मरत असेल. २०१९ च्या ऑक्टोबरात अवकाळी पावसाने उभे व कापलेले सोयाबीन भिजले. २०२१ च्या सप्टेंबराखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या पावसाने पुन्हा तेच केले. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी व नांदेड जिल्ह्यांवर अतिवृष्टी झाली. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तर मराठवाड्याची जमीन पिकासकट खरडून गेली, आणि ७ ऑक्टोबर रोजी राज्य सरकारला ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. म्हणजे एकाच दशकात ह्या भागाने पाण्यावाचून आणि पाण्यापायी, असे दोन्ही प्रकारचे संकट सोसले.

ह्यावर कोणी म्हणेल, पाऊस पूर्वीही लहरीच होता. सहदेव-भाडळीची वचने आणि तरणा-म्हातारा पावसाची नावे लोकांनी उगीच पाठ केली काय? हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु त्या लोकज्ञानातच त्याचे उत्तर आहे. मृगापासून स्वातीपर्यंत प्रत्येक नक्षत्राचा पाऊस ओळखून त्यास नाव देता येते, ते त्याच्या येण्याजाण्याला काहीएक नेम असतो म्हणून. लहरीपणा त्या नेमाच्या मर्यादेत होता. आता मर्यादाच हलली आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असे दाखविले की, १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतितीव्र पावसाचे प्रसंग तिपटीने वाढले. हवामान खात्यानेही २०२० मध्ये मान्सूनच्या आगमनाच्या व परतीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरविल्या. वायव्य भारतातून त्याच्या परतीचा आरंभ १ सप्टेंबराऐवजी १७ सप्टेंबर धरला गेला. परतीला लागलेल्या ह्या उशिराची किंमत ज्याचे पीक सप्टेंबराखेरीस कापणीस येते त्यालाच विचारावी.

येथे आम्ही हिशेबाच्या गोष्टीकडे येतो. सोयाबीन हे शंभरएक दिवसांचे पीक. मृगात वा आर्द्रात पेरले की दसऱ्याच्या आसपास हाती यावे. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली तर बी करपते व दुबार पेरणी करावी लागते, म्हणजे बियाण्याची पिशवी, खत व पेरणीची मजुरी ही दुसऱ्यांदा आली. पुढे सर्व ठीक झाले आणि शेंगा वाळल्यावर आठवडाभर पाऊस लागला, तर दाण्यास शेंगेतच मोड फुटतात. कापून रचलेली सुडी आतून तापते व दाणा काळा पडतो. हा माल बाजारात नेला की आडत्या ओलावा मोजतो. सरकारी खरेदीची नेहमीची अट बारा टक्क्यांची; १ त्याहून ओल जास्त निघाली की माल परत, आणि परत आलेला माल पडेल त्या भावाने व्यापाऱ्यास. म्हणजे एकच पाऊस प्रथम उत्पन्न कमी करतो, मग उरलेल्या उत्पन्नाचा भाव पाडतो. इतक्यावरही तो थांबत नाही. भिजलेल्या पिकाचे बी उगवणशक्ती गमावते. २०१९ चा पाऊस झाल्यावर २०२० च्या जूनमध्ये सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा राज्यभर पूर आला होता. ह्याप्रमाणे एका ऑक्टोबराचे नुकसान दुसऱ्या जूनच्या खात्यात जमा होते आणि त्यावर व्याज चढू लागते.

ह्यात सारा दोष आभाळाचा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत क्विंटलला दहा हजारांपलीकडे गेलेला सोयाबीनचा भाव, नवा माल येईपर्यंत जवळजवळ निम्म्यावर उतरला. त्याच सुमारास बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास सरकारने परवानगी दिली होती. बाजार चढला तेव्हा घरात दाणा नव्हता, आणि दाणा आला तेव्हा तो ओला होता. हवामानाचा तोटा बाजारभावाच्या तोट्यात असा मिसळून जातो की, कोणता कोणाचा हे शेतकऱ्यालाही वेगळे करून सांगता येत नाही. पण मिसळलेल्या ह्या दोन रंगांची निवड करणे हेच तर चांगल्या कादंबरीकाराचे काम नव्हे काय?

आणखी एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. दोन पिढ्यांपूर्वी ह्याच रानात ज्वारी, मूग, उडीद होते. ज्वारीचे कणीस हातचे गेले तरी कडबा उरे, कडब्यावर बैल जगे, आणि पुढच्या साली बी घरच्या कणगीतून निघे. नुकसान होई ते मुख्यतः धान्यात होई. सोयाबीनने रोख पैसा आणला, मुलांच्या शिक्षणास आणला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याबरोबर बी, खत, औषध, ट्रॅक्टर व मळणीयंत्र हे सारे रोखीचे झाले, आणि त्याचे भुसकट कडब्याची जागा घेऊ शकले नाही. आता पीक बुडते तेव्हा पोट तेवढे बुडत नाही, कारण शिधापत्रिकेवर धान्य मिळते; बुडते ते खाते. दुष्काळाचे जुने वाङ्मय उपाशी माणसाचे होते. नवे संकट थकबाकीदार माणसाचे आहे, आणि थकबाकीदार माणूस दिसावयास तुमच्याआमच्यासारखाच दिसतो. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत असा अंदाज दिला होता की, हवामानबदलाने शेतीचे उत्पन्न सरासरी १५ ते १८ टक्क्यांनी आणि कोरडवाहू भागात २० ते २५ टक्क्यांनी घटू शकते. ज्या धंद्यात चांगल्या सालीही शिल्लक थोडी, त्यात पाव हिस्सा जाणे म्हणजे शिल्लक तेवढीच जाणे नव्हे. भांडवलाला हात लागणे होय.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास ह्या ठिकाणी टॉमस हार्डीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅस्टरब्रिजचा महापौर’ ह्या त्याच्या कादंबरीत हेंचर्ड हा धान्याचा व्यापारी एका खेडवळ भविष्यवेत्त्याकडे जाऊन सुगीच्या दिवसांत पाऊस लागेल असे ऐकतो, त्या भरवशावर महाग धान्य खरेदी करून ठेवतो, आणि ऊन पडताच घाबरून तोट्याने विकतो. विक्री होते न होते तोच हवा पुन्हा फिरते. त्याचा प्रतिस्पर्धी फारफ्रे स्वस्तात घेऊन वर येतो. १८४६ मध्ये धान्याचे कायदे रद्द होण्यापूर्वीच्या इंग्लंडात गावचे नशीब स्थानिक सुगीवर कसे टांगलेले होते, हे अर्थशास्त्राच्या ग्रंथापेक्षा ह्या दोन-चार प्रकरणांतून अधिक कळते. हार्डीचे सामर्थ्य हे की, त्याने हवा, भाव आणि स्वभाव हे तिन्ही एकाच दोऱ्यात ओवले. हेंचर्ड बुडतो तो पावसाने, की बाजाराने, की स्वतःच्या उतावळेपणाने, ह्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणूनच ती शोकांतिका ठरते. कित्येक टीकाकार म्हणतात की, हिशेबाच्या वह्या हा वाङ्मयाचा विषय नव्हे. त्यांस आमचे उत्तर हार्डी देईल.

ते दूर राहो. आमच्या भाषेतही उत्तर आहे. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पुरा केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ आज वाचावा. त्यातील संताप सर्वांच्या लक्षात राहतो; पण संतापाखाली सारा, पट्ट्या, कर्ज, कोर्टकचेरी, गुरेढोरे ह्यांचा जो तपशील आहे त्याकडे टीकाकारांनी वाङ्मयगुण म्हणून क्वचितच पाहिले. आमच्या मते त्या तपशिलानेच तो ग्रंथ टिकला. पुढे १९७१ च्या ‘गोतावळा’त आनंद यादवांनी ट्रॅक्टर आल्यावर मळ्यातली जनावरे एकेक करून कशी जातात हे नारबा ह्या गड्याच्या तोंडून सांगितले, शेतीच्या अर्थकारणातील एक मोठे स्थित्यंतर तेथे एका माणसाच्या एकाकीपणात उतरले आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने (२००२) शिकून बेकार राहिलेल्या एकनाथाच्या घरातून कोरडवाहू शेतीची घसरण दाखविली, आणि साहित्य अकादमीने तिचा गौरवही केला. ती कादंबरी मोठी आहे, कारण तीत खर्च आहे, कर्ज आहे, आणि पैशाच्या टंचाईने नवराबायकोच्या नात्यात शिरलेला कडवटपणा आहे. हिंगोलीच्याच मातीतले, वसमत तालुक्यातील रिढोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांनी ‘पीकपाणी’ (१९८९) ह्या संग्रहापासून कुणबी घराची बोली कवितेत प्रतिष्ठित केली. परभणीचे आसाराम लोमटे यांनी ‘आलोक’मधील कथांत गावातील सत्तेचे व पैशाचे व्यवहार निर्ममपणे उकलले.

ही सर्व नावे आदराने घेतल्यावर आम्हांस असे म्हणावेसे वाटते की, ह्या परंपरेचा रोख अजून मुख्यतः दोन शत्रूंकडे आहे: कोरडे आभाळ आणि निर्दय व्यवस्था. तिसरा, म्हणजे बिघडलेला ऋतू, तीत पार्श्वभूमीदाखल येतो. पात्र म्हणून येत नाही. उलट ज्यांनी ह्या लेखकांचे केवळ अनुकरण केले, त्यांच्या कथांतून शेतकरी आरंभापासूनच मरणोन्मुख असतो. त्याच्या गळ्यातील दोर पहिल्या पानावरच दिसू लागतो, आणि वाचक अश्रू ढाळून मोकळा होतो. अशा कथेतील शेतकऱ्यास निर्णय घ्यावयाचाच नसतो. वास्तवात मात्र तो प्रत्येक आठवड्यास निर्णय घेत असतो: आज पेरावे की आणखी चार दिवस थांबावे, रुंद वरंबा-सरीने पेरून पाण्यास वाट ठेवावी की नेहमीप्रमाणे, सोयाबीन विकून देणे भागवावे की भावाची वाट पाहावी, हळदीत साचलेले पाणी काढण्यास चर खणावा की त्या मजुरीत मुलाची फी भरावी. नाट्य आहे ते ह्या निर्णयांत. करुणा सोपी आहे. विवेक दाखविणे अवघड आहे.

मग ह्या तिसऱ्या पावसाचे गद्य कोठेच नाही काय? आहे, परंतु ते तलाठ्याच्या दप्तरात आहे. पंचनामा हा आज मराठीतील सर्वांत अधिक लिहिला जाणारा शेतीविषयक गद्यप्रकार होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याची शैली ठरलेली आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला तर अतिवृष्टी. नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असेल तर मदत. पर्जन्यमापक एका गावी आणि ढग दुसऱ्या गावावर फुटला, तर त्या गावचा पाऊस कागदावर पडतच नाही. २०२२ पासूनच्या आपत्तिनिधीच्या दरांप्रमाणे कोरडवाहू पिकास हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ३,४०० रुपये मिळत. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तेव्हा बुडालेल्या एकराची भरपाई पाऊण क्विंटल सोयाबीनइतकीही होत नाही, हे साधे त्रैराशिक आहे. २०२५ मध्ये राज्याने मदतीची मर्यादा दोनांवरून तीन हेक्टरांपर्यंत वाढविली व रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपयांची जोड दिली, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु त्याच वर्षी, २०२३ पासून चालू असलेली एक रुपयातली पीकविमा योजना बंद झाली आणि भरपाई पीककापणी प्रयोगांच्या सरासरीवर येऊन ठेपली. सरासरीत ज्याचे एकट्याचे शेत वाहून गेले त्यास जागा नसते.

असे म्हणता येईल की, सरकारी कागदात आकडे आहेत पण माणूस नाही. आमच्या बहुतेक कथांत माणूस आहे पण आकडा नाही. ह्या फुटीचा परिणाम वाङ्मयापुरता राहत नाही. ज्या सुशिक्षित घरांत हे मासिक वाचले जाते त्यांपैकी पुष्कळांचे आजोबा शेतकरी होते, आणि आज त्यांचा शेतीशी संबंध तेलाच्या डब्यापुरता व तुरीच्या डाळीच्या भावापुरता उरला आहे. डाळ महागली की आपण कुरकुरतो. कर्जमाफीची बातमी आली की फुकट्यांची सवय म्हणून नाके मुरडतो. हे दुष्टपणाने होते असे आम्ही मानीत नाही. आपल्यापुढे गोष्ट आली ती रडणाऱ्या शेतकऱ्याची वा मागणाऱ्या शेतकऱ्याची. मोजणाऱ्या, तोलणाऱ्या, चुकणाऱ्या व पुन्हा पेरणाऱ्या शेतकऱ्याची आलीच नाही. ज्याचा हिशेब आपणांस ठाऊक नाही, त्याच्या प्रामाणिकपणाविषयी आपण शंका घेतो. मराठवाड्यातील कोणत्याही कॉलेजात दिवाळीनंतर जी विद्यार्थ्यांची मुले-मुली फी भरण्यास मुदत मागावयास येतात, त्यांच्या अर्जावरील कारणाची ओळ ही खरे तर एका अलिखित कादंबरीचे पहिले वाक्य असते.

तेव्हा आमची अपेक्षा काय? हवामानबदलावर प्रचारकी कादंबऱ्या निघाव्यात, ही मुळीच नव्हे; तशा निघाल्या तर त्या पहिल्या पावसात वाहून जातील. अपेक्षा एवढीच की, औंढा, सेनगाव, कळमनुरी ह्यांसारख्या भागांत वाढलेल्या, आणि शेताची व पुस्तकाची दोन्ही लिपी वाचता येणाऱ्या तरुण लेखकांनी घरच्या जमाखर्चाची वही वाङ्मयाचे साहित्य म्हणून उघडावी. बियाण्याच्या पावतीपासून आडत्याच्या पट्टीपर्यंतचा एका हंगामाचा प्रवास कोणी सचोटीने लिहिला, तर त्यात पाऊसही येईल, बाजारही येईल, सरकारही येईल, आणि ह्या तिहींमध्ये उभे राहून दरवर्षी नव्याने पैज लावणारा माणूसही येईल. टीकाकारांकडूनही अशी अपेक्षा आहे की, कादंबरीत क्विंटल आणि टक्के आले म्हणून त्यांनी ती अर्थशास्त्राच्या कपाटात लोटू नये. जुन्या लोकांनी सत्तावीस नक्षत्रांपैकी पावसाची नक्षत्रे वेचून प्रत्येकास स्वभाव दिला, नाते दिले, थट्टेचे नाव दिले; त्यामुळे पाऊस त्यांच्या घरातला झाला. आज जो पाऊस पडतो आहे त्यास अजून आपण नाव दिलेले नाही. नाव देणे हे लेखकांचे काम आहे, आणि ते फार दिवस तलाठ्यावर सोपवून ठेवणे मराठी वाङ्मयास शोभणारे नाही.